शकू अक्कांचा ठिपका

शकू अक्कांनी सहा वर्षांत माझ्या ऑफिसातला चहा एकदाही घेतला नाही. "तुझ्या चहात काय असतं ते मला माहीत नाही," असं तोंडावर सांगायच्या आणि पिशवीतून स्वतःचा थर्मास काढायच्या. पहिल्यांदा मला भयंकर राग आला होता. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडामागं, एका शिंप्याच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. खालच्या टपरीवरचा चहा अख्खा बाजार पितो, आजवर कुणी मेलं नाही, असं मी म्हणालो. त्यावर अक्कांनी शांतपणे विचारलं, "मोजत होतास?"

मी वकील. मूळचा निपाणीचा, इथं येऊन वीस वर्षं झाली. दवाखान्यांच्या हलगर्जीपणाच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढं चालवतो. या धंद्यात संशय हाच भाकरी मिळवून देतो, आणि तो आपल्यापाशी भरपूर आहे असा माझा समज होता. शकू अक्का भेटल्या आणि कळलं, आपण अजून बालवाडीत आहोत.

त्या निवृत्त सिस्टर. खानापूरकडच्या, घरात मराठी, दारात कन्नड. चाळीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढलेली बाई. आधी हुबळीला, मग इथं, आणि शेवटची बारा वर्षं एका नर्सिंग शाळेत पोरींना शिकवत. ठेंगण्या, काटक, बारीक काठाची सुती साडी, नखं कातडीपर्यंत कापलेली. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पहिल्यांदा आल्या त्या पत्ता बदलल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी. टायपिस्ट जागेवर नव्हता, म्हणून बसवून ठेवलं, तर यांनी टेबलावरची दुसऱ्याच कुणाची फाईल उघडून वाचायला घेतली. मी म्हटलं, अक्का, ते दुसऱ्याचं आहे. "आहेच की," त्या म्हणाल्या, "आणि खोटं आहे." मी चिडून फाईल ओढून घेतली. रात्री झोप येईना म्हणून सकाळी लवकर येऊन ती पुन्हा चाळली. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला माझा अशील दवाखान्याच्या कागदांप्रमाणे तीन दिवस ओळीनं सकाळी वॉर्डात फेऱ्या मारून आला होता. चार महिने ती फाईल माझ्या टेबलावर होती. मी ती किमान दहादा वाचली असेन. शरमेनं मान खाली गेली, आणि प्रतिज्ञापत्रावरून पत्ता शोधून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दार लगेच उघडलं नाही. आतून आवाज आला, कोण? मी नाव सांगितलं. ते कुणीही सांगेल, काल मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते ते सांग. मला आठवेना. बरं, मग खरा वकील असशील, असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

तेव्हापासून माझ्याकडच्या फाईलींतले नर्सिंगचे कागद अक्का वाचू लागल्या. बदल्यात काही नको होतं. का करता, असं विचारलं तर म्हणायच्या, वेळ जातो. माझा यावर कधीच विश्वास बसला नाही, पण फुकटात सोनं मिळत असताना कोण खाणीचा पत्ता विचारतो?

वाचायची त्यांची पद्धत वेगळी. आधी कागद उलटा करायचा आणि मागून बोटं फिरवायची, पेनाचा दाब कळतो म्हणून. मग अक्षर बघायचं. सुंदर अक्षराचा त्यांना मनापासून तिटकारा. "घाईत खरं लिहितात, निवांत खोटं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लेबर रूममध्ये एक हात बाईच्या पोटावर आणि एक हात कागदावर असतो, तिथं मोत्यासारखं अक्षर येतंच कसं? एकदा एका डॉक्टरांनी आयोगापुढं आपल्या नोंदी किती व्यवस्थित आहेत म्हणून कागद उंच धरून दाखवला. अक्का माझ्या मागं बसल्या होत्या. त्या कानाशी पुटपुटल्या, संपलं, हा गेला. आणि खरोखरच गेला.

दुसरी रीत माणसांसाठी होती. कुणीही काही हकिगत सांगितली की अक्का ती पूर्ण ऐकून घ्यायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, आता शेवटापासून सांग. म्हणजे शेवटी काय झालं, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय. घडलेलं असेल तर माणूस अडखळत का होईना, मागं मागं जातो. रचलेलं असेल तर त्याला पाय ठेवायला मधला दगड सापडत नाही. मी हसलो तर त्यांनी माझ्यावरच प्रयोग केला. आदल्या दिवशी मी अंग दुखतंय म्हणून त्यांच्याकडे गेलो नव्हतो. तीन पायऱ्या मागं गेलो आणि इंदिरानगरच्या हॉटेलात बायकोच्या वाढदिवसाला पोचलो. अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. निदान बायकोला तरी घेऊन गेलास."

गल्लीतले लोक त्यांच्या या स्वभावाला वैतागलेले असायचे. दूधवाल्याला रोज हटकणं, गॅसवाल्याचं ओळखपत्र दारातच बघणं, रिक्षात बसल्यावर मीटरकडे असं बघणं की बिचारा मीटरसुद्धा जपून पळावा. शेजारची मंडळी म्हणायची, म्हातारी देवाला नमस्कारसुद्धा एक डोळा उघडा ठेवून करत असेल. पण घरात सून पोटुशी राहिली की तीच मंडळी सुनेला घेऊन यांच्याच पायरीवर. अक्का त्या पोरीला आडवं करायच्या, सासूला बाहेर घालवायच्या आणि लाकडाची एक नळी पोटाला लावून कान टेकायच्या. त्या मिनिटभरात त्यांचा चेहरा बदलायचा. कपाळावरची आठी जायची. "सासू खोटं बोलते, नवरा त्याहून. आतलं पोर खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या. जगात त्यांचा भरवसा होता तो एवढ्याच एका आवाजावर.

केतकी आणि निरंजन माझ्याकडे आले ते तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. दोघंही पुण्याचे, इथं आयटीत, राहायला जे. पी. नगरला. मुलगी अन्वी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेला. मान नीट धरत नव्हती, बसवलं तर एका अंगाला कलायची. पण कुकरची शिट्टी झाली की खदाखदा हसायची. माझ्या ऑफिसात कुकर कुठला? तर खालच्या शिंप्याच्या इस्त्रीचा फस्स आवाज झाला आणि पोर हसलं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

हकिगत अशी. शेवटच्या महिन्यात केतकीचा रक्तदाब वाढला, पायांना सूज आली, म्हणून घराजवळच्या प्रसूतिगृहानं तारखेआधी दाखल करून घेतलं आणि सकाळी कळांची सलाईन लावली. संध्याकाळी पावणेसातला बाळ झालं, निळं, न रडलेलं. दवाखान्याचं म्हणणं, साडेसहापर्यंत बाळाचे ठोके उत्तम होते, शेवटच्या पंधरा मिनिटांत अचानक घसरले, ते कुणाच्याच हातात नव्हतं. शिवाय चार वाजता आम्ही सिझेरियन सुचवलं होतं. पेशंटनंच वेळ मागितला. कागदावर तसं लिहिलेलं होतं. म्हैसूरच्या एका निवृत्त डॉक्टरांचं मी मत मागवलं. त्यांनी सरळ लिहिलं, ठोक्यांचा चार्ट खरा असेल तर डॉक्टरांचा दोष दिसत नाही. म्हणजे सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं.

केतकी ठामपणे म्हणत होती, चार वाजता आम्हाला कुणी काही विचारलंच नाही. निरंजन मान डोलावत होता. अक्का कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, आता शेवटापासून सांग."

केतकी गोंधळली, पण सांगायला लागली. पावणेसात. त्याच्या आधी धावपळ. त्याच्या आधी कितीतरी वेळ कुणीच नाही, नुसता पंखा. त्याच्या आधी सिस्टर बाहेर गेली. त्याच्या आधी सिस्टर दर अर्ध्या तासानं यायची. त्याच्या आधी दोन वाजता डॉक्टर आल्या. आणि ती थांबली. निरंजननं तिच्या मनगटावर हात ठेवला. अक्कांनी ते पाहिलं.

"हात काढ," त्या निरंजनला म्हणाल्या. "दोन वाजता काय झालं?"

केतकीचे डोळे भरले. दोन वाजता डॉक्टर सहज म्हणाल्या होत्या, कंटाळली असशील तर सिझेरियन करून टाकू या का? आणि ही म्हणाली होती, अजून थोडं थांबून बघू या का? तिनं नॉर्मलसाठी वर्ग लावले होते, व्यायाम केले होते. डॉक्टर बरं म्हणून निघून गेल्या. एवढंच. ही गोष्ट वकिलाला सांगायची नाही, केस बिघडेल, असं दोघांनी ठरवलं होतं. मी कपाळाला हात लावला. अशील आपल्यापासून काय लपवतो हे उद्या विरुद्ध बाजूकडून कळलं असतं, तर त्यासारखी नामुष्की नव्हती.

मग केतकी जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "निरंजननं मला एका शब्दानं दोष दिलेला नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. त्याचीच मला भीती वाटते. केस हरलो तरी चालेल, अक्का. माझ्या त्या थांबण्यानं हिचं असं झालं का, एवढं मला कुणीतरी सांगा."

निरंजन भिंतीकडे बघत होता. अक्कांनी तिला धीरबीर काही दिला नाही. कागद बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही, म्हणाल्या आणि चार्टची झेरॉक्स घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी त्या जिन्यावर हजर. मूळ कागद पाहिजे. मी म्हटलं, झेरॉक्समध्ये काय कमी आहे? त्या म्हणाल्या, जास्त आहे. काही आकड्यांखाली बारीक ठिपके दिसतायत, ते पेनाचे की यंत्रातल्या धुळीचे, ते ठरवायचंय. अर्ज केला, तारीख पडली, शेवटी आयोगाच्या कार्यालयात कारकुनासमोर बसून मूळ चार्ट बघायची परवानगी मिळाली. अक्कांनी कागद उलटा केला, डोळे मिटले आणि मागून बोटं फिरवली. मग सुलटा करून बराच वेळ बघत राहिल्या. पाणी मागितलं. कारकुनानं दिलेला पेला त्यांनी न बघता तोंडाला लावला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतर पाच दिवस त्या आल्या नाहीत. फोन उचलेनात. माझ्या मनात पाल चुकचुकली. या बाईला दवाखान्यानं गाठलं की काय? ज्या बाईनं सहा वर्षं माझा चहा घेतला नाही, तिच्यावर मी हा संशय घेतला. पण वकिलाच्या मनाला लाज कमीच. सहाव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या गल्लीत गेलो, तर दार बंद आणि पायरीवर एक तिशीची बाई बसलेली, चपला बाजूला काढून. मला बघून ती उठली, चपला पायात अडकवल्या आणि डोळे पुसत निघून गेली. आता तर माझी खात्रीच पटली. मी दार बडवलं.

अक्कांनी या वेळी साडीचा रंग विचारला नाही. आत घेतलं, बसवलं. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "भाग्या होती ती. रोज येते, तासभर बसते. मी दार उघडलं नाही. तुला वाटलं असेल, आमचं काही शिजतंय."

मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, तसंच.

मग त्यांनी सांगितलं. हुबळीला नव्या नव्या नोकरीत असताना एका दुपारी बरोबरीची सिस्टर म्हणाली, मी आत्ताच ऐकलेत ठोके, चांगले आहेत. अक्कांनी तिच्या शब्दावर आकडा लिहिला. ते मूल गेलेलं जन्मलं. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. बाळाचे ठोके स्वतःच्या कानानं ऐकले असतील तरच आकड्याखाली ठिपका द्यायचा. दुसऱ्यानं सांगितलेले असतील तर नुसता आकडा. कुठल्या पुस्तकात नाही, सरकारी नियमात नाही. पण नर्सिंग शाळेत त्यांनी हा ठिपका बारा वर्षं पोरींच्या बोटांत भरवला. विसरली की छडी नाही, तर पुन्हा जाऊन ऐकून यायचं.

केतकीच्या चार्टवर दहापासून साडेतीनपर्यंत प्रत्येक आकड्याखाली ठिपका होता. अक्षर गिचमिड, ओळी तिरक्या. चार वाजल्यापासून साडेसहापर्यंतचे आकडे सुरेख, एका ओळीत, एका दाबाचे. ठिपका एकही नाही.

"भाग्याचं अक्षर आहे," अक्का म्हणाल्या. "मी मूळ कागद बघितला हे दवाखान्यात कळलं, तेव्हापासून दारात येते." भाग्या हुक्केरीकडची, त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. शहरात कुणी नव्हतं म्हणून नोकरी लागल्यावर दोन वर्षं ती यांच्याच घरी राहिली होती. या घराची किल्ली अक्कांनी जन्मात एकाच माणसाला दिली, ती तिला. "आकडे खोटे लिहिले तिनं. कुणी लिहायला लावले तेही मला कळतं. पण ठिपका द्यायला हात धजला नाही. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. तरी नाही दिला."

मी वकिलासारखा सरसावलो. ही तर हातात आलेली केस. अक्कांनी साक्ष द्यायची, ठिपक्याचा अर्थ सांगायचा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्या मान खाली घालून स्वतःची नखं बघतायत. साक्ष दिली तर त्या पोरीची नोकरी जाणार, कदाचित नर्सिंगची नोंदणीसुद्धा. तरी मी माघार घेतली नाही, हे कबूल करतो.

"दुसरं एक आहे," त्या म्हणाल्या. "मी पोरींना अजून एक शिकवायची. चार्टमध्ये चौकट रिकामी ठेवायची नाही. रिकामी चौकट म्हणजे गुन्हा. मला म्हणायचं होतं, जाऊन ऐका. काही जणींनी त्याचा अर्थ घेतला, नुसतं भरा. तेही तू आयोगापुढं विचारणार का?"

विचारू की, मी म्हणालो. तेव्हा मी खरंच तसं ठरवलं होतं का, ते आज सांगता येत नाही.

आयोगापुढं साक्षी बहुतेक कागदावरच होतात. तोंडी प्रश्न विचारायला खास परवानगी लागते; ती मागितली, मिळाली. दवाखान्यानं भाग्याला त्यांची साक्षीदार म्हणून आणलं होतं. ती नव्या साडीत, दवाखान्याच्या दोन माणसांच्या मधे बसलेली. या बाजूला केतकी आणि निरंजन. अन्वीला घरी आजीकडे ठेवलं होतं.

आधी अक्का. समोरच्या वकिलानं त्यांना दमात घ्यायचा प्रयत्न केला. हा ठिपका कुठल्या नियमात आहे? कुठल्याच नाही. मग कुणी काढला? मी. एखादी नर्स ठिपका द्यायला विसरू शकते की नाही? शकते. मग नसलेल्या ठिपक्यावरून तुम्ही एवढा मोठा आरोप कसा करता? अक्का म्हणाल्या, मी आरोप करत नाही, ठिपक्याचा अर्थ सांगते. विसरली का ते तिला विचारा. समोरचा वकील हसून खाली बसला. त्याला वाटलं म्हातारी अडकली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, माझी पाचावर धारण बसली होती.

आदल्या दिवशी अक्कांनी मला बजावलं होतं, भाग्याला दरडावायचं नाही. खोटं का लिहिलंस, असं विचारायचं नाही. विचारलंस तर ती पाठ केलेलं बोलेल. तिला फक्त एक काम सांग.

मी भाग्यासमोर चार्टची प्रत ठेवली आणि पेन दिलं. म्हटलं, सिस्टर, काही आकड्यांखाली ठिपके राहून गेलेत असं तुमचे वकील म्हणतात. राहून गेले असतील तर आत्ता द्या. समोरच्यानं हरकत घेतली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, प्रतच आहे, देऊ दे.

भाग्यानं पेन उघडलं. चारच्या आकड्याखाली टोक नेलं. तिथंच धरून ठेवलं. ती अक्कांकडे बघेल असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही. मग पेनाला टोपण लावलं, प्रतीवर आडवं ठेवलं आणि म्हणाली, "आगल्ला." नाही होणार.

त्यानंतर अध्यक्षबाईंनी विचारलं आणि ती सांगत गेली. चार वाजता तिला दुसऱ्या खोलीत दुसऱ्या बाळंतपणाला बोलावलं. एकटीच होती. परत आली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. नळी लावली तर ठोके लागेनात. बाळ झाल्यावर तिच्यापुढं चार्ट ठेवून सांगण्यात आलं, मधल्या चौकटी भर, रिकामा कागद बाहेर जाता कामा नये. चार वाजता सिझेरियनचं कुणी विचारलं नव्हतं. दोन वाजताचं वाक्य उचलून चारवर ठेवलं होतं.

इथं मला पुढचा प्रश्न विचारता आला असता. चौकट रिकामी ठेवू नये हे तुम्हाला आधी कुणी शिकवलं होतं? मी विचारला नाही. आमच्याच साक्षीदाराची पत घसरली असती. मी म्हणालो, आणखी प्रश्न नाहीत.

आयोगाचा निकाल पुढं आमच्या बाजूनं लागला. दवाखाना अपिलात गेलाय, ते चालेल तितकं चालेल. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या दुपारबद्दल.

बाहेर व्हरांड्यात अक्का माझ्याजवळ आल्या. "विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"आपलं नुकसान झालं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दूधवाल्याकडे, गॅसवाल्याकडे बघायच्या तसंच. सहा वर्षांत त्या नजरेची मला सवय झाली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही बाई आपल्याला बरोबर ओळखते आहे. मी हातातली फाईल या बगलेतून त्या बगलेत घेतली.

तेवढ्यात केतकी आली. तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "अक्का, दोन वाजता?"

हुबळीनंतर दुसऱ्याच्या शब्दावर एक ठिपका न दिलेली ही बाई. जरासुद्धा न थांबता म्हणाली, "दोन वाजता लेकरू चांगलं होतं. तिथं ठिपका आहे. भाग्यानं ऐकलंय."

केतकीनं मान वळवली. भाग्या खांबाशी एकटीच उभी होती. दवाखान्याची माणसं गाडी घेऊन तिला न विचारताच निघून गेली होती. केतकी तिच्यापाशी गेली आणि तिनं तिचं मनगट धरलं, घट्ट. निरंजन पुढं झाला आणि मधेच थांबला. केतकीला तिला मारायचंय की तिच्या पाया पडायचंय, ते आम्हाला कुणालाच कळेना. मला वाटतं, केतकीलाही कळत नव्हतं.

"दोन वाजता तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं, मॅडम," भाग्या म्हणाली. "अडीचला पण. साडेतीनला पण. छान पळत होतं. त्यानंतर मी नव्हते."

केतकी रडायला लागली. तीन वर्षांत न रडलेलं सगळं एकदम आलं. पण हात सोडेना. भाग्याच्या मनगटावर बोटं रुतलेली दिसत होती, आणि ती ओढूनही घेत नव्हती. मग निरंजन म्हणाला, केतकी, त्या दिवशी थांबू या का असं तू विचारलंस, तेव्हा मीही हो म्हणालो होतो. हे वाक्य तीन वर्षं त्याच्या पोटात होतं, आणि त्यानं तिच्यापाशीसुद्धा ते काढलं नव्हतं.

अक्का हळूहळू चालत गेल्या. केतकीची बोटं त्यांनी एक एक करून सोडवली. "पुरे," म्हणाल्या, "आता मुलीकडे जा. तिला भूक लागली असेल." केतकी निरंजनचा हात धरून खाली बाकावर बसली. अक्कांनी भाग्याच्या मनगटावरचे वळ अंगठ्यानं चोळले, ती काही बोलू लागली तर चल म्हणाल्या, आणि आमची साक्षीदार आमच्याकडे एकदाही न बघता विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराचा हात धरून जिना उतरून गेली.